खोडलेलंही वाचता आलं पाहिजे

मावशीच्या हातात कुठलाही कागद दिला की ती आधी विचारायची, "हे कितवं प्रूफ?" मग तो कागद लग्नाची पत्रिका असो, बसचं वेळापत्रक असो, नाहीतर डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळ्यांची चिठ्ठी. डॉक्टर बिचारे गोंधळायचे. पण चौतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून काढलेल्या बाईला दुसरा प्रश्न सुचणार तरी कसा? छपाईला जाण्याआधी प्रत्येक ओळ मूळ मजकुराशी ताडून बघायची, चुका पकडायच्या, त्या दुरुस्त होऊन आल्या की पुन्हा ताडायच्या, पुन्हा पकडायच्या. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, तिसरं प्रूफ. यातलं कितवं आपल्यासमोर आहे हे ठाऊक नसेल तर सगळं वाचन पाण्यात, असं तिचं म्हणणं. छापखान्यात तिला भिंगबाई म्हणत. तिचा भाचाही म्हणायचा, पण दाराबाहेर जाऊन.

या भाच्याने तिला लहानपणापासून पाहिलेलं होतं आणि आपण तिला पुरतं ओळखतो असा त्याचा समज होता. माणूस घरातलं असलं की हा समज फार लवकर होतो. तो कसा खोटा ठरला त्याची ही हकिकत आहे.

कॉलेजात असताना भाच्याने एका मुलीला पत्र लिहिलं आणि ते पुस्तकात ठेवून विसरला. दुसऱ्या दिवशी पुस्तकात तेच पत्र सापडलं, पण लाल शाईच्या खुणांसह. दोन ठिकाणी शब्द गळले होते ते समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या मोकळ्या जागेत, व्यवस्थित भरलेले. एक वाक्य दोनदा आलं होतं, त्यावर सरळ रेघ. पत्र कुणाला आहे, कशाबद्दल आहे, यावर मावशी त्या दिवशीही बोलली नाही आणि नंतरही कधी नाही. "मजकूर लिहिणाऱ्याचा," ती म्हणायची. "आपलं काम चुकीशी." संपादकांचे अग्रलेख तिला मनापासून नावडायचे. चौतीस वर्षांत तिने त्यातला एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. घरी येऊन भांडी आपटायची तेवढी. भाच्याने ते पत्र दुरुस्तीसकट तसंच पाठवलं आणि त्या मुलीशी त्याचं लग्न झालं. लाल शाई बघूनच आपण हो म्हटलं, असं बायको अजून सांगते.

पुढे या नवरा-बायकोने मिळून शहरासाठी 'कट्टा' काढला. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, चार संगणक, खालून सतत पंपाचा फुसफुस आवाज. फोनवर उघडायचा आणि शहरातल्या कुणीही काहीही लिहायचं: कुठला रस्ता खणलाय, कुणाचं मांजर हरवलंय, कोणता दंतवैद्य हलक्या हाताचा आहे. बघता बघता चाळीस हजार माणसं जमली. मग नगरपालिकेची निवडणूक आली आणि मांजरं मागे पडली.

हलक्या हाताचा दंतवैद्य म्हणजे बायकोचे वडील. त्या निवडणुकीत एका सकाळी कट्ट्यावर कुणीतरी लिहिलं, की दंतवैद्यांच्या दवाखान्यात शिक्के मारून ठेवलेल्या मतपत्रिकांचे गठ्ठे आहेत. धादांत खोटं. बायको म्हणाली, काढून टाक. भाचा त्या वेळी तत्त्वाचा पक्का होता. तो म्हणाला, "आज हे काढलं तर उद्या कोण काय काढायला सांगेल याचा नेम नाही. लोक शहाणे आहेत. खोटं आपोआप उघडं पडेल." खोटं उघडं पडलंही. त्याला दोन तास लागले. त्या दोन तासांत जमावाच्या दगडांनी दवाखान्याच्या काचा फुटल्या आणि एक काच सासऱ्यांच्या उजव्या मनगटात गेली. शीर तुटली. त्यांची बोटं पुन्हा कधी नीट मिटली नाहीत.

बायकोने आकांडतांडव केलं नाही. ती मुकाट्याने नवऱ्याच्या खुर्चीत येऊन बसली आणि त्या दिवसापासून काढून टाकायची कळ तिच्या ताब्यात गेली. जरा शंका आली की मजकूर गायब. भाचा कोणत्या तोंडाने अडवणार होता? चार वर्षं हे चाललं. त्यातच एका बसचालकाने लिहिलं, की नव्या पुलाचा कठडा हलतोय. नगराध्यक्षांना बदनाम करायला रचलेलं खोटं आहे म्हणून तीनशे तक्रारी आल्या आणि बायकोने ते काढलं. महिन्याभराने कठडा खरंच निखळला. नशीब थोर, नदीत फक्त एक सायकल गेली. बसचालक वर आला आणि म्हणाला, "मी सांगितलं होतं. दाखवा जरा." दाखवणार काय? काढलेलं पुरतं पुसलं जाईल अशीच सोय भाच्याने स्वतः केली होती. ज्याने सांगितलं त्यालाच आता सिद्ध करता येईना, की आपण सांगितलं होतं. तो जिना उतरून गेला तेव्हा दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

त्याच सुमारास मावशीचं दैनिक बंद पडलं. वाचायला काही नाही म्हटल्यावर ती रस्त्याने दुकानांच्या पाट्या तपासत हिंडू लागली, आणि दुकानदार भाच्याकडे तक्रारी घेऊन येऊ लागले. तिचं मन रमावं म्हणून, आणि बाजारातली शांतता टिकावी म्हणूनही, भाच्याने तिला कट्ट्यावर आणून बसवलं.

पहिल्या दिवशी ती स्वतःची पट्टी, भिंग आणि लाल पेन घेऊन आली. संगणकावर लाल पेन कुठे चालणार, असं कुणी म्हणालं नाही. म्हणायची छाती नव्हती. भाच्याने तिला दोन कळा दाखवल्या. ही 'ठेवा', ही 'काढा'.

"आणि तिसरी?"

"तिसरी कसली?"

"अरे, छापखान्यात रबर नसतं," मावशी म्हणाली. "चूक दिसली की तिच्यावर एकच रेघ मारायची. सरळ. गिचमिड करायची नाही. खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. मग समासात लिहायचं, काय चुकलं आणि कशावरून. आणि शेजारी आपली सही. खोडलं कुणी ते कळायला नको?"

"मावशी, पण वाचता आलं तर लोक वाचणारच ना?" बायको म्हणाली. "रेघ काढून टाकून फोटो पाठवतील एकमेकांना."

"पाठवतील. त्याला माझ्याकडे औषध नाही."

"आणि उद्या कुणाचं घर दाखवून 'चला रे' म्हणाले तर? त्याच्यावरही रेघच मारायची का?"

मावशीने भिंग खाली ठेवलं. "तो मजकूर नव्हे गं. तो दगड. दगड आधी उचलायचा, मग विचार करायचा. ते काम तूच कर. तुला तो लांबून ओळखता येतो."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत तिच्याशी या विषयावर कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं.

भाच्याने तिसरी कळ करून दिली. दोन दिवसांनी मावशी म्हणाली, "आता चौथी. खोडलेल्या शब्दांखाली टिंबं मारायची सोय."

"ती कशाला?"

"आपण खोडलं आणि तेच चुकलं, तर रेघ पुसायची नसते. खोडलेल्या शब्दांखाली टिंबांची ओळ मारायची आणि समासात लिहायचं, 'राहू द्या.' म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारा जुळारी समजतो की मूळचं बरोबर होतं, खोडणारा चुकला."

"मावशी, तुझी चूक कोण काढणार? कुणाला लागणार ती टिंबं?"

"मलाच लागतील," ती म्हणाली. भाच्याने नाइलाजाने तेही करून दिलं. सात महिने त्या कळेला कुणाचं बोट लागलं नाही.

त्या सात महिन्यांत भाच्याने जे पाहिलं ते त्याने कुणाला सांगितलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं. मावशी ऐकीव गोष्टीवर रेघ मारतच नसे. एका उमेदवाराचं शिक्षण खोटं आहे असं कुणी लिहिलं, तर ही शाळेत जाऊन जुनी हजेरीबुकं धुंडाळून आली. नगराध्यक्षांनी चारशे झाडं तोडली असं आलं, तर ही तीन सकाळी टेकडीवर जाऊन बुंधे मोजून आली. तीनशे बहात्तर भरले. तिने फक्त 'चारशे'वर रेघ मारली, शेजारी '३७२, स्वतः मोजले' असं लिहिलं आणि बाकी मजकूर तसाच ठेवला. नगराध्यक्षांच्या माणसांनी आधी तिचे आभार मानले. तीनशे बहात्तर हा आकडाही काही भूषणावह नाही, हे त्यांच्या संध्याकाळी लक्षात आलं. गुडघे दुखायचे, तरी जायची. घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि म्हणायची, "बुंधे मोजायला बरे. हलत नाहीत."

शहराला तिच्या रेघेची सवय झाली. न्हाव्याच्या दुकानात, बँकेच्या रांगेत माणसं म्हणू लागली, "भिंगबाईंनी रेघ मारलीय का? नाही ना? मग खरं असेल." भाच्याला याचा अभिमान वाटायचा. मावशीला हे वाक्य आवडत नसे. "रेघ नाही म्हणजे मी अजून तिथे गेले नाही, एवढंच," ती म्हणायची. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पुढची निवडणूक तीन आठवड्यांवर आली असताना बेकरीमागच्या गल्लीतल्या इस्त्रीवालीने कट्ट्यावर लिहिलं: "आमच्या गल्लीतली सगळी नावं मतदारयादीतून उडवली आहेत. एकशे शहाऐंशी माणसं. मी माझ्या डोळ्यांनी बघून आले. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत प्रत्येकाने स्वतः जाऊन अर्ज दिला तरच नाव परत लागणार आहे. सगळे चला."

कट्टा पेटला. ही गल्ली नगराध्यक्षांच्या विरोधातली, हे शहरात शेंबडं पोरही सांगेल. एक बाजू म्हणाली, मतं चोरली. दुसरी म्हणाली, हरणार म्हणून आतापासून रडगाणं. सोमवारी मावशी निवडणूक कचेरीत गेली. तिथे भिंतीवर मतदारयादी लावलेली होती. तिने पट्टी लावली, भिंग धरलं आणि उभ्याने दोन तास बेकरीमागच्या गल्लीचं एकेक नाव वाचलं. एकशे शहाऐंशीच्या एकशे शहाऐंशी नावं जागच्या जागी होती. इस्त्रीवालीचं स्वतःचं नावही होतं, वयासकट.

दुपारी तिने त्या मजकुरावर रेघ मारली. समासात लिहिलं, "यादी स्वतः वाचली. सर्व १८६ नावे आहेत." खाली सही, 'भिं.' एवढीच.

झालं. नगराध्यक्षांच्या बाजूने ती रेघ डोक्यावर घेऊन नाचायचं काय ते बाकी ठेवलं. इस्त्रीवालीने खाली लिहिलं, "बाई, मी डोळ्यांनी बघितलंय." मावशीने उत्तर दिलं, "मीही." त्यावर शेकडो लोक हसले. चष्म्याचा नंबर काढून घे, इस्त्रीच्या वाफेने डोळे गेले, असलं बरंच काही. गल्लीतले लोकही म्हणू लागले, भिंगबाईंनी स्वतः वाचलंय तर असतील नावं, उगाच कामाचा दिवस कशाला मोडायचा? मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला. अर्ज द्यायला इस्त्रीवाली एकटी गेली होती.

शुक्रवारी सकाळी अकराला त्या खोडलेल्या मजकुराखाली एक नवी ओळ आली. लिहिणारा मावशीच्या छापखान्यातला जुना यंत्रचालक होता. आता तो दुसऱ्या छापखान्यात होता, आणि नगरपालिकेची छपाई तिथे जायची. त्याने लिहिलं: "भिंगबाई, तुम्ही वाचलीत ती यादी कितवी? गेल्या आठवड्यात आमच्या यंत्रावर सुधारित यादी छापली. तिचं एक्केचाळिसावं पान अर्धं कोरं आलं. मला वाटलं, छपाईत काही बिघडलं, म्हणून यंत्र थांबवून विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे, ती गल्ली वगळलीय. मी सहसा कट्टा बघत नाही. आज हे खोडलेलं वाचलं आणि ते पान आठवलं."

भाचा त्या वेळी मावशीच्या शेजारी उभा होता. त्याने तिचा चेहरा पाहिला. तिने ती ओळ एकदा वाचली, मग पट्टी पडद्याला लावून शब्दाशब्दाने पुन्हा वाचली. मग अगदी हळू म्हणाली, "कितवं प्रूफ, ते मी विचारलंच नाही रे."

तिने कचेरीत फोन लावला. हो, भिंतीवरची यादी पहिली, कच्ची. सुधारित यादी टेबलावरच्या फायलीत असते, मागितली की दाखवतो. गल्ली का वगळली? तिथे आता कुणी राहत नाही, असा एक अर्ज आला होता. कुणाचा? ते सांगता येत नाही. चौतीस वर्षांत हजारदा दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न ती त्या दिवशी स्वतः विसरली होती, आणि जिचं म्हणणं खरं होतं त्या बाईचा सगळ्या शहराने चार दिवस खेळ केला होता.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. भाच्याचं डोकं भराभर चालत होतं आणि ते कुठल्या दिशेने चाललंय याची त्याला पुढे लाज वाटली. "मावशी, रेघ पुसून टाकतो," तो म्हणाला. "मला करता येतं. समासातलंही पुसतो. तिचं लिहिलेलं पुन्हा वर आणतो, म्हणजे गल्लीतले निघतील. तू चुकलीस हे शहराला कशाला कळायला हवं? निवडणूक तोंडावर आहे. तुझ्या रेघेवरचा विश्वास गेला तर उद्या खरं खोटं कोण मानेल इथे?"

बायकोही म्हणाली, "मावशी, एवढं एकदा ऐका त्याचं."

मावशी चिडली नाही. चिडली असती तर भाच्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "बाळा, ती म्हणाली डोळ्यांनी बघितलं, आणि मी म्हणाले, मीही. ते पुसलंस तर ती चार दिवस उगाच ओरडत होती असंच राहील. तो बसचालक आठवतोय ना तुला?" मग तिने कळफलक जवळ ओढला आणि सात महिन्यांत कुणी न दाबलेली कळ दाबली.

खोडलेल्या शब्दांखाली टिंबांची ओळ उमटली. रेघ होती तिथेच होती. समासात मावशीने लिहिलं: "राहू द्या. या बाई खरं सांगत होत्या. मी जुनी यादी वाचली आणि नवी आहे का हे विचारलं नाही. चूक माझी. माझ्यामुळे गल्लीचे चार दिवस गेले. आज पाच वाजेपर्यंत वेळ आहे. सगळ्यांनी कचेरीत चला." आणि या वेळी 'भिं.' नाही, तिने पूर्ण नाव लिहिलं. पूर्ण नाव भाच्याने कितीतरी वर्षांत वाचलं नव्हतं.

चाळीस हजार लोकांसमोर, ज्यांच्या तोंडी तिचं नाव पुराव्यासारखं होतं त्यांच्यासमोर, एक बाई शांतपणे म्हणाली होती, की मी चुकले, आणि कशी चुकले ते असं. भाच्याने तोपर्यंत मोठी म्हणवणारी पुष्कळ माणसं जवळून पाहिली होती. चूक दडपणारी, चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारणारी, चुकीला धोरण म्हणणारी. हे त्याने पाहिलं नव्हतं. खाली पंपाचा फुसफुस आवाज चालूच होता.

"बसलायस काय?" मावशी म्हणाली. "चप्पल घाल."

इस्त्रीवाली तिच्या पत्र्याच्या खोलीत टेबलाशी उभी होती. मावशी दारात थांबली. "मी भिंग... मी ती रेघ मारणारी. चुकले मी. तुमचं खरं होतं."

इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली. वर-खाली पाहिलं. "चार दिवस लोक मला आंधळी म्हणतायत."

"हो. माझ्यामुळे."

"आता माफी मागून काय उपयोग?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "माफी नंतर मागते. आधी घरं सांगा, कुठली आधी घेऊ."

 इस्त्रीवालीने इस्त्रीचं बटण बंद केलं, पदर खोचला आणि म्हणाली, "डावीकडून सुरू करा. उजवीकडचे माझं ऐकतात, त्यांना मी आणते."

बायको बेकरीत जाऊन भट्टीवरच्या माणसांना उठवून घेऊन आली. भाचा फोनवरून कामावर गेलेल्यांना गाठत होता. कट्ट्यावरून ज्यांनी वाचलं ते आपापल्या वाटेने निघाले. परवाच्या टवाळीत सामील असलेला एक रिक्षावाला काही न बोलता म्हाताऱ्यांना नेऊन पोचवत होता. मावशी डावीकडच्या प्रत्येक दारात उभी राहून तेच तीन शब्द बोलत होती, मी चुकले, चला. एका घरात तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. ती पाच मिनिटं तिथेच उभी राहिली आणि दार पुन्हा उघडलं. कचेरीतल्या कारकुनाला पाचच्या आत इतके अर्ज घ्यायची सवय नव्हती. त्याने घाम पुसत शिक्के मारले. मावशी शेजारी भिंग घेऊन बसली होती आणि प्रत्येक पावतीवरचं नाव मूळ अर्जाशी ताडून बघत होती. दोन पावत्यांत चूक निघाली. कारकुनाने त्या निमूटपणे बदलून दिल्या.

पाच वाजता खिडकी बंद झाली तेव्हा एकशे त्रेसष्ट अर्ज झाले होते. तेवीस राहिले. कुणी दुसऱ्या गावी कामाला, कुणी इस्पितळात, कुणी वाटेत. भाचा म्हणाला, "मावशी, एकशे त्रेसष्ट! कमाल केलीस तू." मावशी म्हणाली, "तेवीस राहिले."

तिच्या रेघेवरचा विश्वास गेला का? थोडा गेला. शहाणपण सुचलेल्या मंडळींनी लिहिलं, की बघा, म्हणून म्हणतो, खोडाखोड करायचीच नाही. दुसऱ्या मंडळींनी लिहिलं, की बघा, म्हणून म्हणतो, सगळं काढूनच टाकायचं. पण न्हाव्याच्या दुकानात भाच्याने एक नवं वाक्य ऐकलं. "भिंगबाईंनी रेघ मारलीय, ठीक आहे. पण खाली वाच की काय होतं ते." घरी येऊन त्याने ते मावशीला सांगितलं. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली.

बायकोने त्याच रात्री जेवताना एक गोष्ट बोलून दाखवली. "मी काढून टाकलं असतं ना सोमवारीच, तर तो यंत्रचालक काय वाचणार होता?"  सासरे त्या दिवशी जेवायला होते. त्यांनी डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलला आणि म्हणाले, "दगड मात्र काढत जा, बेटा." बायको म्हणाली, "काढते, बाबा."

मतदानाच्या आदल्या रविवारी मावशी तेवीस घरांची यादी घेऊन निघाली. या वेळी ती यादी तिने कचेरीतून तीनदा विचारून, तारीख बघून घेतली होती. भाचा सोबत होता. प्रत्येक दारात ती सांगायची, तुमचं मत यंदा माझ्यामुळे गेलं, हे तुम्हाला माझ्याच तोंडून कळलं पाहिजे म्हणून आले. कुणी पाणी दिलं, कुणी शिव्या दिल्या. एका तरुणीने रडत विचारलं, माझं पहिलंच मत होतं, आता?  मावशी उत्तर बनवत बसली नाही.

शेवटचं घर इस्त्रीवालीचंच होतं. तिचा नवरा ट्रकचालक. त्या शुक्रवारी तो माल घेऊन दोन दिवसांच्या वाटेवर होता. तिचं नाव लागलं, त्याचं राहिलं. तो दारात बनियनवर उभा राहून मावशीचं सगळं ऐकत होता. धिप्पाड माणूस. भाचा मनातून जरा घाबरलाच होता.

"म्हणजे माझं मत गेलं," तो म्हणाला.

"गेलं," मावशी म्हणाली. "माझ्यामुळे."

 आतून इस्त्रीचा फस्सकन आवाज आला आणि थांबला. ती ऐकत असणार.

"माझ्या बायकोने लिहिलेलं ते," ट्रकचालकाने विचारलं, "अजून आहे का तिथे?"

"आहे."

"आणि तुमची रेघ?"

"तीही आहे. खाली टिंबं आहेत, माझं नाव आहे, चूक माझी असं लिहिलंय. भाचा म्हणत होता पुसू या. मी पुसू दिलं नाही. पण तुम्हाला ते डोळ्यांसमोर नको असेल, तर तुमच्या घरची गोष्ट आहे. तुम्ही म्हणाल तसं."

ट्रकचालकाने मागे वळून आत पाहिलं.  मग त्याने मावशीच्या हातातली ती तेवीस नावांची यादी घेतली, स्वतःचं नाव शोधलं आणि त्याच्यावर जाड बोट ठेवलं.

"राहू द्या," तो म्हणाला.

मावशीने मान हलवली. यादी परत घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली, आणि गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत भाच्याचा हात सोडला नाही.